पाकीट, पगार आणि रविवारी निघणारी गाडी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी नागपुरात एका शासकीय कार्यालयात लेखा शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. वय 38. ठेकेदारांची देयकं माझ्या टेबलावरून पुढे जातात. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला शाखेत पाकिटं वाटली जातात, माझ्या नावाचं साधारण 15 हजारांचं असतं. या टेबलावर येऊन सात महिने झाले. आतापर्यंत तीनदा परत केलं, दुसऱ्यांदा केलं तेव्हा तर खोलीत कोणीच नव्हतं. आता मला चहाला कोणी बोलावत नाही. एक जण म्हणाला, “मॅडम, तुम्ही घेत नाही ना, म्हणून बाकीच्यांना भेव लागून राहिलं.” घरी यजमानांचा पगार बुटीबोरीची नोकरी सुटल्यापासून 52 हजारांवरून 34 हजारांवर आला, आता ते हिंगण्याला एमआयडीसीत जातात. ते म्हणतात, “सगळेच घेऊन राहिले, तूच काय आभाळातून पडली? पोरीच्या क्लासची फी तर निघेल.” मुलगी अकरावीत आहे. मी खरंच प्रामाणिक आहे की नुसती भित्री? पैशाने सुख मिळत नाही म्हणतात, ते खरं का? आणि सोमवारी ऑफिसात गेल्यावर नेमकं करू काय? सोबत महिन्याच्या खर्चाचा कागद जोडला आहे.
– स., मनीषनगर, नागपूर

स. ताई, नमस्कार.

खर्चाचा कागद जोडलात हे फार बरं केलंत. नीतीच्या गोष्टी लोक हवेत बोलतात, पण घरात त्या हप्ता-किराण्याच्या कागदावरच अडतात आणि तिथेच सुटतात. तुमच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देते, फक्त क्रम माझा आहे.

आधी पैसा आणि सुख. पैशाने सुख मिळत नाही, हे तुमच्यासारख्या घराला ऐकवणं अन्यायाचं आहे, आणि ते खरंही नाही. 2010 मध्ये डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या पाहणीवरून मांडलं होतं की वर्षाला साधारण 75 हजार डॉलरच्या पुढे मिळकत गेली तरी रोजच्या मनःस्थितीत फारसा फरक पडत नाही. 2021 मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना उलटं आढळलं, त्यांच्या पाहणीत सुख पुढेही वाढत होतं. मग 2023 मध्ये या दोन बाजूंनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले. निघालं असं, की बहुतेकांचं सुख मिळकतीबरोबर वाढतच राहतं. जे मुळातच सर्वांत दुःखी आहेत, त्यांचं दुःख मात्र पैशाने एका पातळीपर्यंतच हटतं, त्यापुढे हटत नाही. दुसरी एक बाब ध्यानात ठेवा. ही वाढ पटीत चालते. 20 हजारांचे 40 झाले की जेवढं बरं वाटतं, तेवढंच बरं वाटायला पुढे 40 चे 80 व्हावे लागतात.

आता हे तुमच्या कागदाला लावू. तुमचे 62 हजार आणि यजमानांचे 34, मिळून 96 हजार. पाकिटाचे 15 हजार त्यात पडले तर सुमारे 16 टक्के वाढ. पहिले काही महिने घर नक्कीच मोकळं श्वास घेईल. हे मी नाकारत नाही, आणि तुम्हीही स्वतःशी नाकारू नका. जे मोहाचं आहे ते मोहाचं आहे असं कबूल केलं, की त्याच्याशी बोलता येतं.

पण हे 15 हजार पगारासारखे वागत नाहीत. पगारवाढीवर कर्ज मिळतं, पाकिटावर मिळत नाही. ते बँकेत भरता येत नाहीत, म्हणून हातात खेळतात आणि हातात खेळणारी रोकड वरखर्चाला जाते: मोठा फोन, लग्नातला आहेर, गोव्याची सहल. वर्षभरात घराचा रोजचा खर्च तेवढ्याने फुगतो आणि मग ते 15 हजार ‘जास्तीचे’ राहतच नाहीत. त्यांची सवय होते, आनंद विरतो, गरज मात्र उरते. सुरुवातीला पाकीट घेणारा माणूस म्हणतो की मुलीच्या फीपुरतं घेतो. फी दोन वर्षांत संपते. पाकीट सहसा तेव्हा संपत नाही, ते याच कारणाने.

सुखाबद्दल इथल्या मातीत फार जुना आणि फार काटेकोर हिशोब आहे. बुद्धांनी अनाथपिंडिक या धनवान व्यापाऱ्याला गृहस्थाची चार सुखं सांगितली. एक, आपल्याजवळ आहे याचं सुख, पण ‘आहे’ म्हणजे घाम गाळून, धर्माने मिळवलेलं. दुसरं, ते खाण्या-देण्यात खर्च करण्याचं. तिसरं, कोणाचं देणं नसण्याचं. आणि चौथं अनवज्ज, म्हणजे निर्दोष असण्याचं, आपल्या वागण्यात बोट ठेवायला जागा नसण्याचं. शेवटी ते म्हणतात की पहिली तिन्ही सुखं या चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही नाहीत. तुम्ही रोज ज्या मेट्रोने जाता, तिच्या राहाटे कॉलनी स्टेशनापासून दीक्षाभूमी लांब नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांना जो धम्म दिला, त्याच्या अष्टांगिक मार्गात ‘सम्यक आजीव’ हे एक वेगळं अंग आहे. पोट कसं भरता, हा प्रश्न तिथे जगण्याच्या मुळाशी ठेवलेला आहे.

मला या चार सुखांत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की श्रीमंती आणि निर्दोषपणा यांना त्यात एकमेकांचं वैरी केलेलं नाही. अनाथपिंडिकाला कोणी घरदार सोडायला सांगितलं नाही. चारही सुखं एकाच माणसाला, एकाच घरात मिळू शकतात. म्हणून तुमचा कागद मी याच चार सुखांनी वाचला, आणि गळती तिसऱ्यात सापडली.

बघा. गृहकर्जाचा हप्ता 28,800. गाडीचा 9,450. किराणा, दूध, भाजी 17,000. वीज, गॅस, फोन सरासरी 4,500 (मे महिन्यातल्या कूलरचं बिल धरून). पेट्रोल 5,500. सोसायटी 2,500. सासूबाईंची औषधं 4,000. विमे 3,000. शाळा आणि क्लास 15,500. बेरीज 90,250. म्हणजे 5,750 उरायला हवेत, पण तुम्ही लिहिता की महिनाअखेर काहीच उरत नाही. याचं कारण क्रेडिट कार्ड आहे. तुम्ही दर महिन्याला त्यावर ‘किमान रक्कम’ भरता. कार्डावर थकलेल्या 86 हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के धरले तर व्याज 3,010 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 542. म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त पैसा दर महिन्याला जातो आणि मूळ देणं जवळपास तिथेच राहतं. किमान रकमेची ही पद्धतच अशी आहे की फेडतोय असं वाटतं आणि फिटत नाही. बाकी दोन हजार कुठे जातात ते महिनाभर लिहून ठेवल्याशिवाय कळणार नाही, पण तो मोठा प्रश्न नाही.

मोठा प्रश्न गाडीचा आहे. तुम्हीच लिहिलंय की ती रविवारीच निघते. तुम्ही स्कुटीने उज्ज्वलनगर स्टेशनला येता, मेट्रोने झिरो माइलला उतरता. यजमान मोटारसायकलने हिंगण्याला जातात. गाडीचा हप्ता 9,450, तिचं पेट्रोल दोनेक हजार. कर्ज 2 लाख 60 हजार बाकी आहे, आणि गाडीला साडेतीन लाख येतील असा तुमचा अंदाज आहे. तो खरा निघाला तर कर्ज फिटून 90 हजार हातात राहतात, त्यातून कार्डाचे 86 हजार एका दिवसात संपतात. त्यानंतर महिन्याला मोकळे किती होतात बघा: आधीचे 5,750, हप्त्याचे 9,450 आणि पेट्रोलचे 2,000, एकूण 17,200. सासूबाईंच्या दवाखान्याच्या फेऱ्यांना टॅक्सी लागेल, त्याचे 1,500 वजा करा. राहिले 15,700.

पाकीट 15,000 चं आहे.

विकताना तीन ठिकाणी लोक फसतात. वाहनकर्ज बहुधा स्थिर व्याजाचं असतं आणि मुदतीआधी बंद करताना बँक काही टक्के शुल्क लावते, म्हणून आधी बँकेकडून आजच्या तारखेचं फोरक्लोजर पत्र (आज कर्ज पूर्ण बंद करायला किती भरावे लागतील ते सांगणारं) घ्या, नाहीतर 90 हजारांचा अंदाज चुकेल. कर्ज फिटल्यावर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा. आणि नवीन मालकाच्या नावावर आरसी चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नका, नाहीतर त्याची चलनं तुमच्या नावावर येत राहतील. गाडी विकायची नाहीच असं ठरलं, तर कार्डाचे 86 हजार कर्मचारी पतसंस्थेच्या कर्जात वळवा. 12 टक्क्यांनी 24 महिन्यांचा हप्ता 4,050 च्या आसपास बसतो आणि एकूण व्याज 11 हजारांच्या थोडं वर जातं. कार्डावर तेवढं व्याज तीन-साडेतीन महिन्यांत जातं. कार्ड फिटल्यावर त्याची मर्यादा कमी करून घ्या, नाहीतर पुढच्या दिवाळीत ते पुन्हा भरेल.

हे सगळं मी घरखर्चाचा सल्ला म्हणून लिहीत नाही. ताई, तुमचा खरा प्रश्न सत्तेचा आहे. लेखा शाखेतल्या वरिष्ठ लिपिकाची सत्ता म्हणजे काय, ते नीट बघू.

समजा पुढच्या महिन्यात एका नाल्याच्या संरक्षक भिंतीचं देयक आलं. मोजमाप पुस्तकात काँक्रीट 3 तारखेला ओतल्याची नोंद आहे. सोबत क्यूब टेस्टचे अहवाल जोडलेत. काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं 15 सेंटिमीटरच्या साच्यात भरून ठोकळे काढून ठेवतात, आणि 7 दिवसांनी व 28 दिवसांनी यंत्रात दाबून त्यांची ताकद बघतात. तर 28 दिवसांच्या अहवालावर तारीख आहे त्याच महिन्याची 19. तीन तारखेपासून एकोणीसपर्यंत दिवस होतात 16. हे कळायला अभियंता असावं लागत नाही, बोटांवर मोजता येतं. आज तुम्ही त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल करून, त्रुटीपत्र लावून देयक परत पाठवू शकता. हीच तुमची सत्ता. एवढीशीच आहे, पण भिंत पहिल्या पुरात वाहून जाते की उभी राहते ते त्या गोलावर ठरतं. टक्का काही ठेकेदाराच्या खिशातून जात नाही. तो सिमेंटमधून जातो, सळईतून जातो, डांबराच्या थरातून जातो.

आता तीन पाकिटं घेतल्यानंतर तोच अहवाल समोर आला, असं समजा. तुम्हाला 19 तारीख दिसेल. पण दिसल्याचं दाखवता येणार नाही. पाकीट देणारा प्रत्येक देयकाचे वेगळे पैसे मोजत नाही, तो तुमचा गोल करणारा हात विकत घेतो, आणि तोही महिन्याच्या भाड्याने. तुम्ही घेतलं हे ठेकेदाराला माहीत, वाटणाऱ्याला माहीत, वरच्याला माहीत. या तिघांपैकी कोणाचंही तुमच्याशी बिनसलं की तुमची नोकरी त्याच्या हातात. “बाकीच्यांना भेव लागून राहिलं” हे वाक्य म्हणूनच फार खरं आहे. ज्याच्यावर कोणाचंही ओझं नाही असा एक माणूस शाखेत आहे, त्याची ती भीती आहे.

कायद्यातही देणारा आणि घेणारा यांचं वजन सारखं नाही. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये दुरुस्ती झाली. कलम 7 प्रमाणे लाच घेणाऱ्या लोकसेवकाला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कारावास आणि दंड आहे, आणि काम नियमात बसणारं होतं, तेच केलं, हा बचाव चालत नाही. देणाराही आता गुन्हेगार आहे, पण आपल्याला भाग पाडलं असं त्याने 7 दिवसांच्या आत यंत्रणेला कळवलं, तर त्याला कायद्यात वाट आहे. घेणाऱ्याला अशी वाट कुठेही नाही. सिद्ध कोण करणार, असं शाखेत कोणी म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा: डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटलं आहे, की तक्रारदार उलटला किंवा हयात नसला तरी मागणी आणि स्वीकार परिस्थितिजन्य पुराव्यावरून सिद्ध होऊ शकतात.

सापळा कसा लागतो तेही माहीत असू द्या, कारण त्यावर सोमवारचं वागणं ठरतं. नोटांचे क्रमांक पंचांसमोर लिहून घेतात आणि नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. पांढरी बारीक पूड, नोटेवर कळतही नाही. हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलेलं असेल तर ड्रॉवरच्या तळाचा कागदही तपासतात. नुसते पैसे सापडले म्हणून शिक्षा होत नाही, मागणी आणि स्वीकार सिद्ध व्हावे लागतात. पण 48 तासांहून जास्त कोठडी झाली तर निलंबन आपोआप लागू होतं, सुरुवातीला निर्वाह भत्ता निम्म्या पगाराच्या आसपास मिळतो, आणि खटला वर्षानुवर्षं चालतो.

म्हणून सोमवारपासून हे करा. ड्रॉवरला कुलूप, किल्ली स्वतःजवळ, जेवायला उठतानाही. पाकीट टेबलावर किंवा फायलीत सापडलं तर हात लावू नका. “घरी नेते, उद्या परत देते” हा सगळ्यात महाग पडणारा चांगुलपणा आहे, तो करू नका. शेजारच्या टेबलावरच्या कोणालातरी हाक मारा, त्याच्यासमोर ज्याने ठेवलं त्याला उचलायला सांगा. बोलणं दोन वाक्यांचं ठेवा: “हे माझं नाही. परत कधी ठेवू नका.” भाषण नको, कारण भाषणाने समोरचा अपमानित होतो आणि सूड धरतो. एक जाड, शिवलेली वही घ्या, पानांना क्रमांक घाला. तारीख, वेळ, कोण, काय बोललं, कोण हजर होतं, एवढंच लिहा. मतं लिहू नका. वही घरी ठेवा. सरकारी फायलींचे फोटो मात्र मोबाइलमध्ये काढून नेऊ नका, उद्या तेच तुमच्याविरुद्ध विभागीय चौकशीचं कारण होऊ शकतं.

पुन्हा पाकीट आलंच, तर कार्यालयप्रमुखांना पाच ओळींचं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्या. कार्यालयप्रमुखच त्यात असतील अशी शंका असेल तर त्यांच्या वरच्या कार्यालयाला लिहा. धमकी आली किंवा चुकीच्या देयकावर सहीसाठी दबाव आला, तर त्या दिवशी थांबू नका, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे. माझं मत विचाराल तर आज लगेच तिथे धावायची गरज नाही. आधी तुमची नोंद आणि तुमचं काम पक्कं होऊ द्या.

कामाचं जरा सविस्तर सांगते, कारण प्रामाणिक माणसं नेमकी इथे मार खातात. लेखा शाखेत पाकीट कशावर जगतं? उशिरावर. देयक पडून राहतं, पुढे ढकलायला पैसे लागतात. तुम्ही पाकीट घेत नाही पण देयक वीस दिवस तुमच्याकडे राहतं, तर ठेकेदाराला तुम्ही घेणाऱ्यापेक्षा जास्त महाग पडता, आणि तुमच्याविरुद्धची तक्रार खरी निघते. राज्याच्या 2005 च्या बदल्या आणि विलंब-प्रतिबंधाच्या कायद्यात सरळ म्हटलंय की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त राहू नये. ही ओळ तुमची ढाल करा. एक नोंदवही उघडा: देयक आल्याची तारीख, त्रुटी पाठवल्याची, परत आल्याची, पुढे गेल्याची, आणि तुमच्याकडे किती दिवस. आलेल्या क्रमानेच काढा, ओळखीच्याचं आधी नाही आणि नावडत्याचं मागे नाही. त्रुटी एकदाच, सगळ्या एकत्र कळवा. आज रॉयल्टीची पावती नाही म्हणून परत, आठ दिवसांनी कामगार विम्याची प्रत नाही म्हणून पुन्हा परत, हे करू नका. एका पानाची तपासणी सूची बनवा: मोजमाप पुस्तकाचे पान क्रमांक, तपासणी मोजमापाच्या सह्या, चाचणी अहवाल आणि त्यांच्या तारखा, गौण खनिजाच्या रॉयल्टीच्या पावत्या, कामगार विमा, सुरक्षा अनामत, कराच्या कपाती. ती सूची सगळ्या ठेकेदारांना आधीच देऊन ठेवा. मार्च एंडिंगला आणि अधिवेशनाच्या दिवसांत यातलं थोडं विस्कटेल, तरी तारखांची नोंद चुकवू नका. चार-पाच महिन्यांत ठेकेदारांना कळतं की या टेबलावर पाकिटाशिवायच आठवड्यात काम होतं, आणि ज्याचं काम चोख आहे तो ठेकेदार हळूहळू तुमच्या बाजूला येतो.

बदलीची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती ओळींमध्ये दिसते. त्याच कायद्यानुसार मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. यातलं काही चुकलं तर दाद मागायला प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ नागपुरातच आहे. तुमची दिवसांची नोंदवही तिथे कोणत्याही वकिलाच्या युक्तिवादापेक्षा जास्त बोलेल.

आणि इथेच ते 15,700 कामी येतात. त्यातले दोनेक हजार इकडेतिकडे जातीलच, 13,500 वेगळ्या खात्यात आवर्ती ठेवीत टाका. पगाराच्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप वळते होऊ द्या. उद्दिष्ट किती? गाडी नसलेल्या घराचा महिना क्लास आणि टॅक्सी धरून 80,300 चा आहे. यजमानांचे 34 हजार वजा केले तर 46,300 कमी पडतात. सहा महिने तुमचा पगार थांबला तरी घर चालायला साधारण 2 लाख 78 हजार हवेत. 13,500 प्रमाणे जवळपास 21 महिने. मध्ये महागाई भत्त्याची थकबाकी आली, जुलैची वेतनवाढ लागली, तर आधीच होईल. या पैशाला मी ‘नाही’ म्हणण्याचा पैसा म्हणते. तो सोन्यात, प्लॉटमध्ये किंवा शेअरमध्ये घालू नका, दोन दिवसांत हातात येईल असाच ठेवा. नीतीचा कणा मनात असतो हे खरं, पण तीन महिन्यांचा हप्ता थकल्यावर कणखर माणसंही वाकतात. त्यात त्यांचा दोष फार नसतो, त्यांच्याकडे वेळ विकत घ्यायला काही नसतं.

आता तुमचा पहिला प्रश्न: प्रामाणिक की भित्री? दोन्ही आहात, असं मला वाटतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. भीती तुम्हाला पहिल्या वेळी थांबवू शकते. पण दुसऱ्या वेळी खोलीत कोणी नव्हतं, पकडायला कोणी नव्हतं, बघायला कोणी नव्हतं. तरी तुम्ही ते पाकीट उचलून परत नेऊन दिलंत. भित्रा माणूस कोणी नसताना परत करत नाही, फार तर कोणी असताना घेत नाही. धैर्य आधी अंगात येतं आणि मग माणूस धैर्याचं काम करतो, असं होत नाही. उलट काम करता करता ते अंगात मुरतं, पोहायला पाण्यातच शिकतात तसं. तुमचे तीन हात मारून झालेत.

एक सावधपणा मात्र राखा. पत्रात एका ठिकाणी तुम्ही शाखेतल्या सगळ्यांना ‘बरबटलेले’ म्हटलंय. त्यांच्यातल्या कोणाच्या घरी कोणाचं आजारपण आहे, कोण सुरुवातीला नाही म्हणत होता आणि मग एकटा पडून घ्यायला लागला, हे तुम्हाला माहीत नाही. निर्दोषपणाचं सुख दुसऱ्यापेक्षा वर असण्याच्या सुखात बदललं की ते आंबतं. चहाला बोलावत नसतील तर तुम्ही बोलवा. तर्री पोहे मागवले की आपला वाटा आपल्या हाताने काढा, कोणाला फुकट खाऊ घालू नका आणि कोणाचं खाऊही नका. वाढदिवस, बारसं, मयत, सगळीकडे जा. ठेकेदाराच्या घरच्या लग्नाची पत्रिका आली तर शुभेच्छा द्या, जेवायला थांबू नका. दिवाळीला मिठाईचा डबा आला तर परत. त्यात चांदीचं नाणं असो की नुसता सोनपापडीचा चौकोन असो, वेगळं करत बसू नका, नाहीतर दर वर्षी डबा उघडून बघावा लागेल.

राहिले यजमान. त्यांच्या बोलण्याचा राग येणं साहजिक आहे, पण 52 चे 34 झालेल्या माणसाचं ते बोलणं आहे. आपल्याकडे पुरुषाला घरात पैशाने मान मिळतो असंच शिकवलेलं असतं. त्यांचा मान 18 हजारांनी कमी झाला असं त्यांना रोज वाटत असणार, आणि तुमचं पाकीट त्यांना ती भर वाटते. म्हणून पाकिटापासून बोलणं सुरू करू नका. रात्री तर नकोच, दोघंही थकलेले असता. रविवारी सकाळी बसा. आधी कार्डाचं बिल ठेवा आणि व्याजाची ओळ दाखवा. मग कोऱ्या कागदावर तीनच आकडे लिहा: कार्डाचं व्याज 3,550, रविवारच्या गाडीचे 11,450, पाकिटाचे 15,000. पहिल्या दोनांची बेरीज त्यांनाच करू द्या. ती बरोबर 15,000 येते.

गाडी विकायची की ठेवायची, हा निर्णय त्यांच्याकडे सोपवा. पार्किंगमधली रिकामी जागा शेजाऱ्यांना दिसणार, हे त्यांना सोसावं लागणार आहे आणि ते सोपं नाही. ठेवायची ठरली तर महिन्याचे 11,450 कुठून यायचे, हेही त्यांनीच त्या कागदावर लिहावं. मुलगी घरात असेल तर तिलाही बसवा. अकरावीतल्या मुलीला आपल्या क्लासची फी महिन्याला 11,700 पडते हे कळलेलं चांगलं, ती ओझं म्हणून घेणार नाही याची काळजी घेऊन सांगा. आणि कार्डाच्या बिलाची पुढची तारीख कोणती आहे ते आजच बघून ठेवा. फोरक्लोजर पत्र, गिऱ्हाईक, बँक, आरटीओ या सगळ्याला तीन-चार आठवडे लागतात, तोवर नुसती ‘किमान रक्कम’ भरून थांबू नका, त्याहून जमेल तेवढी जास्त भरा, पाचशे जास्त भरले तरी पुढच्या व्याजात फरक पडतो.